षटकं मोजायची कुणी? ठाण्यातल्या एका क्रिकेट बॅचचं प्रकरण

हे प्रकरण ठाणे पश्चिमेतल्या एका क्रिकेट अकादमीच्या १४ वर्षांखालच्या बॅचचं आहे. मुलं, पालक आणि प्रशिक्षक ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. काय घडलं आणि कोणते निर्णय झाले, ते मात्र तसंच ठेवलं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. एका मुलाच्या कमरेच्या निमित्ताने मी यात आले आणि पुढे सगळ्या बॅचशीच माझा संबंध जुळला.

मुलगा तेरावं लागायच्या बेतात असलेला, डावखुरा वेगवान गोलंदाज. वर्षभरात उंची झपाट्याने वाढलेली, पँटा आखूड झालेल्या. तक्रार अशी की कमरेच्या खाली उजव्या बाजूला दुखतं, आणि जागा अगदी एका बोटाने दाखवता येते. पुढे वाकताना काही नाही, मागे वाकलं की कळ. उजव्या पायावर उभं राहून मागे वाकायला सांगितलं तेव्हा त्याने माझ्या टेबलाची कड धरली. वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजाची अशी कंबर 'स्नायू आखडलाय' म्हणून मलम लावून सोडून द्यायची नसते. चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि त्याच क्षणी पाठ मागे आणि बाजूला वळलेली असते. हाताच्या विरुद्ध बाजूला, मणक्याच्या मागच्या अरुंद हाडावर तो ताण साठत जातो. या वयात हाडं आधी लांब होतात आणि घट्ट मागाहून होतात, म्हणून धोका जास्त. अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, एमआरआय झाला. भेग पडलेली नव्हती, पण हाडावर ताण आल्याचं स्पष्ट दिसत होतं. बोलिंग पूर्ण बंद, पुढचं काही महिन्यांनी बघू, असं ठरलं.

मी मुलाला विचारलं, "आठवड्याला किती ओव्हर टाकतोस?" त्याने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी फोन काढला आणि स्कोअरिंगच्या ॲपवरून मोसमातल्या विकेट, सरासरी, इकॉनॉमी, सर्वोत्तम कामगिरी सगळं धडाधड सांगितलं. ओव्हर किती, हे त्यांना सांगता येईना. मॅचमधल्या होत्या, नेटमधल्या कुठेच नव्हत्या.

हिशोब शेवटी आईने लावला. तिच्या फोनमध्ये मुलाचे व्हिडिओ होते, प्रत्येकावर तारीख आणि वेळ. त्यावरून तिने वहीच्या कागदावर एक आठवडा मांडला: अकादमीचे नेट चार दिवस, शाळेच्या संघाचा सराव दोन दिवस, रविवारी भाड्याच्या मैदानावर खासगी टी-ट्वेंटी स्पर्धेचे दोन सामने, आणि रात्री सोसायटीजवळच्या टर्फवर टेनिस बॉल. शिवाय गच्चीवर वडिलांबरोबर 'स्पॉट बोलिंग': खडूने चौकोन आखायचा आणि त्यात सहापैकी चार पडेपर्यंत थांबायचं नाही. बेरीज ५० षटकांच्या पुढे गेली. कागद बघून वडील काही वेळ बोललेच नाहीत.

तुलनेसाठी सांगते. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजांसाठी अनेक वर्षं जी मर्यादा सांगितली, ती एका स्पेलमध्ये, म्हणजे एका दमात, ५ आणि दिवसभरात १० षटकांची होती. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही, आठवड्यात चार दिवसांपेक्षा जास्त नाही, हेही त्यात होतं. आमचा मुलगा आठवड्यातले सातही दिवस कुठे ना कुठे चेंडू टाकत होता. त्याला तीन सर होते आणि तिघांनाही आपण बेताचंच घेतोय असं वाटत होतं. ते खोटंही नव्हतं. एकेकाचा आकडा बेताचाच होता.

मैदान आणि माणसं

अकादमीच्या सरांचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "मॅडम, बंद म्हणजे किती दिवस? शील्ड स्पर्धेच्या मॅचेस तोंडावर आहेत." आवाजात चीड होती, पण काळजीही होती. मी मैदानावर यायचं कबूल केलं.

सर कांगा लीग खेळलेले. पावसात चिखलात पाय रोवून खेळायची ती जुनी मुंबईची शाळा. पहाटे साडेपाचला मैदानावर, रोलर स्वतः ढकलणार. फी भरू न शकणारी दोन-तीन मुलं त्यांनी कुणाला न सांगता ठेवलेली होती. पण त्यांचा सगळा संसार या बॅचवर. मैदान तासाच्या भाड्याने, बॉलचा खर्च वेगळा, आणि घोडबंदर रोडवर दर दोन किलोमीटरवर नवी अकादमी. पालक अकादमी निवडतात ती फ्लेक्सवर कोणाचे फोटो आहेत ते बघून. निवड चाचणीत आपली किती मुलं लागली, यावर सरांची पुढच्या वर्षीची बॅच ठरते. त्यामुळे चांगला गोलंदाज हाताशी असताना त्याला विश्रांती देणं हा सरांसाठी पैशांचाही प्रश्न होता. हे समजून न घेता प्रशिक्षकांना बालमानसशास्त्राचे धडे देण्यात अर्थ नसतो.

पालक कट्ट्यावर बसत. कट्टा नेमका स्क्वेअर लेगच्या मागे, खेळपट्टीपासून इतका जवळ की गोलंदाजाला श्वाससुद्धा ऐकू जावा. नोकरदार माणसं, बहुतेकांचं स्वतःचं क्रिकेट गल्लीत राहिलेलं. मुलासाठी ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये किट बॅग डोक्यावर धरून उभं राहणारी. त्यांच्या त्यागाबद्दल मला शंका नाही. आपल्या भागात स्वप्नं बघायला कारणंही भरपूर आहेत. पालघर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं, आणि तिथून लोकलने ये-जा करत शार्दूल ठाकूर भारताकडून खेळला. हे उदाहरण कट्ट्यावर रोज निघतं.

दुसरं उदाहरण कल्याणचं. जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या, संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. समोरच्या शाळेचे डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. सगळ्या जगाने तो आकडा छापला. पुढे त्याला शिष्यवृत्ती मिळाली, आणि वर्ष-दीड वर्षात धावा आटल्या तेव्हा रिक्षा चालवणाऱ्या वडिलांनी स्वतःच पत्र लिहून ती थांबवायला सांगितलं. कट्ट्यावर १००९ निघतात, ते पत्र निघत नाही. त्या मुलावर पंधराव्या वर्षी किती माणसांची नजर येऊन बसली असेल, आणि समोरच्या संघातली मुलं उन्हात किती वेळ चेंडू आणायला धावली असतील, याचाही विचार व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

मी पाहिलेला सामना मैत्रीपूर्ण होता. आमचा डावखुरा त्या दिवशी फक्त फलंदाज. त्याच्या जागी दुसऱ्या एका मुलाला नव्या चेंडूने आणलं होतं. त्याने दोन वाइड टाकले. कट्ट्यावरून चार आवाज एकदम आले: "लाइन बघ लाइन!", "हात वर ठेव!", "स्लो टाक रे!", "अरे जोरात टाक!" सर मिडऑफच्या बाजूने पाचवं काहीतरी सांगत होते. मुलगा रनअपच्या टोकाला जाऊन चेंडू पँटवर घासत उभा राहिला. तिसराही वाइड. मग एका वडिलांनी सरांना गाठलं, कारण त्यांचा मुलगा नवव्या क्रमांकावर होता आणि सलग तिसऱ्यांदा त्याला फलंदाजी मिळाली नव्हती. आवाज चढले. सर म्हणाले, "टीम मी निवडतो, तुम्ही फी भरता." ते वाक्य संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं.

त्याच दिवशी डावखुऱ्याने मला हळूच सांगितलं की कंबर दुखत असल्याचं त्याने सरांना महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, स्पेलच्या मध्ये. सर म्हणाले होते, "दोन ओव्हर टाक फक्त, विकेट येईल." विकेट आलीही. मग त्याने पुन्हा विषय काढला नाही. सरांना हे आठवतही नव्हतं, कारण मैदानावर बोललेली अशी शंभर वाक्यं असतात. पण मुलाने त्यातून शिकायचं ते शिकून घेतलं होतं: दुखणं सांगून काही होत नाही.

नियमांची पाटी

पहिला उपाय सरांनी स्वतःच केला. ग्रुपवर पालकांसाठी नियमावली टाकली. ओरडायचं नाही, निवडीबद्दल विचारायचं नाही, नेटजवळ यायचं नाही, उशीर चालणार नाही. खाली 'आदेशावरून' लिहायचंच बाकी होतं. एका रात्रीत दोन पालकांनी ग्रुप सोडला. बाकीच्यांनी होकाराचे अंगठे टाकले आणि रविवारी पुन्हा कट्ट्यावर येऊन बसले, फक्त आता खालच्या आवाजात बोलत. मैदानावरचं वातावरण आधीपेक्षा कडवट झालं.

हे असं का झालं, यावर सरांशी बोलताना एक गोष्ट पुढे आली. या पालकांना अकादमीकडून वर्षभरात फीच्या तारखा आणि सामन्याची वेळ याशिवाय काहीच कळत नव्हतं. मुलगा कशात सुधारतोय, कशावर काम चालू आहे, संघात का नाही, यातलं काहीही नाही. माहितीची जागा रिकामी असली की ती कट्ट्यावरच्या अंदाजांनी भरते. नियमांनी तोंडं बंद झाली, ती जागा तशीच राहिली.

दुसऱ्या वेळी सुरुवात मुलांपासून केली. पालक नाहीत, सरही बाजूला. चिठ्ठ्या दिल्या, नाव लिहायचं नाही. एकच प्रश्न: मॅचच्या दिवशी सगळ्यात नकोसं काय वाटतं?

मला वाटलं होतं 'हरणं' जास्त येईल. ते अगदी थोड्यांनी लिहिलं. सगळ्यात जास्त चिठ्ठ्या घरी जातानाच्या प्रवासाबद्दल होत्या. 'रिक्षात पप्पा पूर्ण मॅच परत खेळतात.' 'आउट झाल्यावर मागे बघायची भीती वाटते.' 'आझाद मैदानाला जाऊन दिवसभर पाणी द्यायचं.' एका चिठ्ठीत फक्त 'व्हिडिओ' असं लिहिलं होतं. विचारल्यावर कळलं की बाद झाल्याचा व्हिडिओ घरी जेवताना टीव्हीवर लावतात. एका मुलीने, ती बॅचमधली एकटीच होती, लिहिलं: 'मला कोणी ओरडत नाही कारण माझ्याकडून कोणाला अपेक्षा नाही.' सर ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरून बसले. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा याच सरांनी मैदानावर पेढे वाटले होते.

२०१४ मध्ये अमेरिकेत फुटबॉल खेळणाऱ्या मुलांवर एक अभ्यास झाला होता. खेळात मजा कशामुळे येते, अशी ८१ कारणं मुलं, पालक आणि प्रशिक्षकांकडून गोळा केली आणि त्यांचा क्रम लावला. 'जिंकणं' ४८ व्या क्रमांकावर आलं. जीव तोडून खेळणं, संघात आपलं स्थान असणं, प्रशिक्षकाने नीट वागवणं ही कारणं वरची होती. आमच्या चिठ्ठ्या काही अभ्यास नव्हेत, पण सूर तोच होता. एक स्पष्ट करायला हवं: मुलांना जिंकायचं नसतं असा याचा अर्थ नाही. त्या दिवशीही चिठ्ठ्या लिहून झाल्यावर आरडाओरडा करत त्यांनी सामना खेळला आणि एका रनआउटवरून भांडलीही.

वही

सुरुवात षटकांच्या वहीपासून केली, कारण त्यावर कुणाचाच मतभेद नव्हता. एमआरआयचा अहवाल सगळ्यांनी पाहिला होता. पालकांच्या बैठकीत बुमराहचा विषय निघाला: पाठीच्या दुखापतीमुळे तो सप्टेंबर २०२२ पासून जवळपास वर्षभर बाहेर होता आणि मध्ये शस्त्रक्रिया झाली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका काकांनी आचरेकर सरांची गोष्ट काढली. ते सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, दिवसाला दोन-दोन सामने खेळवायचे, मग आमच्या मुलांचंच काय एवढं? प्रश्न रास्त होता. उत्तर आमच्या सरांनीच दिलं आणि ते मला फार आवडलं: "काका, तो बॅटिंग करायला जायचा. बॅटिंगने पाठ तुटत नाही. आणि आचरेकर सरांना माहीत असायचं तो आज कुठे कुठे खेळलाय. मला तुमच्या मुलाचं माहीत नसतं."

प्रत्येक वेगवान गोलंदाजाला एक शंभर पानी वही दिली. लिहायचं मुलाने स्वतः: तारीख, कुठे, किती चेंडू, आणि कंबर-खांदा-गुडघा-टाच यांत दुखतंय का, शून्य ते दहा. नेटमधले चेंडूही लिहायचे, टर्फवरचे टेनिस बॉलचेही, गच्चीवरचेही. वही मुलाबरोबर शाळेच्या सरावाला जाणार, खासगी स्पर्धेला जाणार. दिवसाची आणि आठवड्याची मर्यादा पहिल्या पानावर. तीनच्या वर आकडा दोन दिवस लागोपाठ आला तर बोलिंग बंद, आणि तो निर्णय मुलाचाच. कुणी 'दोन ओव्हर टाक' म्हणायचं नाही. आठवड्यातला एक दिवस काहीच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये आठवड्यात किमान एक-दोन दिवस आणि वर्षात सुट्टी-सुट्टीने मिळून तीन महिने मुख्य खेळापासून विश्रांती सुचवली आहे. तीन महिन्यांची गोष्ट आम्ही बोललोही नाही. एका दिवसासाठीच तासभर चर्चा झाली.

वहीचा खरा उपयोग मला तीन-चार आठवड्यांनी कळला. एका मुलाने टाचेसमोर '४' लिहिलं आणि सरांसमोर वही उघडून उभा राहिला. तोंडाने काही बोलला नाही. सरांनी पाहिलं, "बरं, आज स्लिपला उभा राहा" म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले. ना 'काय नाटक करतोस', ना काळजीचा मोठा बाऊ. बाकीची मुलं हे बघत होती. त्या आठवड्यात आणखी दोन वह्यांमध्ये पहिल्यांदाच शून्याशिवाय आकडा आला. महिनोन् महिने दुखत असणार, लिहायला जागा आत्ता मिळाली.

चेंडू मोजायचं काम डावखुऱ्याच्या वडिलांकडे आलं. त्यांनी ते मागून घेतलं. हातात क्लिकर, नेटच्या मागे खुर्ची, समोर तक्ता. त्यांचं ओरडणं कमी झालं याचं कारण मला तरी साधं वाटतं: मोजताना ओरडलं की आकडा चुकतो. गच्चीवरचा चौकोन मात्र त्यांनी पुसला नव्हता. मुलगा बरा झाल्यावर पुन्हा सुरू करायचा त्यांचा विचार होता, आणि त्यावर आमचं दोनदा चांगलंच वाजलं.

कट्टा, रिक्षा आणि राखीव मुलं

कट्ट्याची जागा बदलली. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये 'रिस्पेक्ट' नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात मुलांच्या सामन्यांत प्रेक्षकांना मैदानाच्या एका बाजूला, आखलेल्या रेषेमागे उभं करायची पद्धत आली. त्यावरून सुचलं. आम्ही बाकडी साइटस्क्रीनच्या बाजूला, लाँगऑनच्या मागे नेली. गोलंदाज रनअपवरून निघाला की पालक त्याच्या पाठीशी राहतात, आणि फलंदाजाला इतक्या लांबून आवाज गेला तरी शब्द कळत नाहीत. एवढ्या साध्या बदलाने जे झालं, ते नियमावलीने झालं नव्हतं.

निवडीबद्दल बोलायची वेळ ठरली. संघ सामन्याच्या दोन दिवस आधी जाहीर. ज्याला वगळलं त्याला सर स्वतः बाजूला घेऊन कारण सांगणार, पालकांच्या आधी. पालकांना काही विचारायचं असेल तर सामन्याच्या दिवशी नाही, पुढच्या सरावानंतर. दर दोन महिन्यांनी प्रत्येक मुलाबद्दल पालकांशी दहा मिनिटं: एक गोष्ट जमायला लागली, एका गोष्टीवर काम चालू. सरांना हे आधी फार जड गेलं. "मी काय पालकसभा घेऊ?" असं म्हणाले होते. आता त्यांच्या खिशात प्रत्येक मुलाच्या नावाची चिट असते.

राखीव मुलांचा प्रश्न सगळ्यात अवघड होता, आणि अजूनही आहे. पहाटेच्या लोकलने आझाद मैदानाला जायचं, दिवसभर ड्रिंक्स न्यायचे आणि संध्याकाळच्या गर्दीत परत यायचं, हे बाराव्या वर्षी सलग चार-पाच वेळा झालं की मुलगा क्रिकेट सोडतो. सरांनी एकदा मुलांना अमोल मुझुमदारची गोष्ट सांगितली. १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळीची ६६४ धावांची भागीदारी झाली तेव्हा पॅड बांधून वाट बघत बसलेला मुलगा तो होता. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा केल्या, भारताकडून एकही सामना मिळाला नाही, आणि २०२५ मध्ये विश्वचषक जिंकलेल्या मुलींचा प्रशिक्षक तोच. मुलं मन लावून ऐकत होती. पण मी सरांना नंतर म्हटलं की गोष्ट चांगली आहे, तरी नवव्या क्रमांकावरच्या मुलाला फलंदाजी हवी आहे, गोष्ट नको. तेव्हा मैत्रीपूर्ण सामन्यांमध्ये जोड्यांची पद्धत आणली. प्रत्येक जोडी ठरलेली चार षटकं खेळते, बाद झालं तर धावा वजा होतात पण बाहेर जावं लागत नाही. प्रत्येकाला बॅट मिळते, आणि यष्टिरक्षक सोडून प्रत्येकाला किमान एक षटकही. शील्डच्या सामन्यात हे करता येत नाही, पण तिथे फक्त तेराच मुलं न्यायची, बाकीच्यांना त्या दिवशी इथे सामना द्यायचा, एवढं ठरलं.

रिक्षातल्या प्रवासासाठी नियम नाही केला. बैठकीत चिठ्ठ्या वाचून दाखवल्या, कुणाची कोणती हे न सांगता. 'व्हिडिओ' वाचल्यावर एक आई उठून पाणी प्यायला गेली. नंतर तिने मला विचारलं, "मग गाडीत बोलायचं तरी काय?" मी म्हटलं, भूक लागली का विचारा. मुलाला मॅचबद्दल बोलायचं असेल तर तो सुरू करेल.

सरांची भाषा

सर कडकच राहिले. तसंच राहावं असं मलाही वाटतं, कारण मुलांना कडक माणूस चालतो, बेभरवशाचा चालत नाही. पण एक ठरवून बदललं: चूक झाल्यावर पुढचं वाक्य काय करायचं ते सांगणारं असेल. पूर्वी नोबॉल पडला की, "परत? किती वेळा सांगू?" आता, "मार्क एक फूट मागे घे. जा." शब्द कमी झाले, आवाज तोच.

यामागे जुनं संशोधन आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांना काही तासांचं प्रशिक्षण दिलं: प्रयत्नाची दखल घ्या, चुकीनंतर धीर आणि सूचना द्या, शिक्षा आणि टोमणे टाळा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रशिक्षण घेतलेल्यांच्या संघातली ५ टक्के मुलं पुढच्या वर्षी खेळायला आली नाहीत. प्रशिक्षण न घेतलेल्यांची २६ टक्के. सरांना पटलं ते या आकड्याने. बॅच टिकते की नाही हा त्यांचा रोजचा प्रश्न होता.

आणखी एका गोष्टीवर मी अडून बसले. मुलाला मालिश, पट्टी, कपडे बदलणं, यांत कोणीही मोठा माणूस मुलाबरोबर एकटा नसेल, आणि दौऱ्यावर दोन मोठी माणसं असतील. सरांना आधी वाईट वाटलं, आपल्यावर संशय घेतला असं. पण २०१२ च्या पोक्सो कायद्याने मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि अशी शिस्त प्रामाणिक प्रशिक्षकाचंही संरक्षण करते, हे सांगितल्यावर त्यांनी ते लिहूनच लावलं.

आज काय स्थिती आहे

सगळं जुळून आलं असं नाही. दोन कुटुंबं सोडून गेली. त्यातला एक मुलगा बॅचमधला सगळ्यात चांगला फलंदाज होता. 'इथे आता सगळ्यांना खेळवतात, जिंकायचं बघत नाहीत' असं त्याचे वडील म्हणाले आणि त्याला मुलुंडला घेऊन गेले. सरांना त्याचा फटका बसला, फ्लेक्सवरचा एक फोटो उतरवावा लागला. खासगी स्पर्धेचे आयोजक वही बघायलाच तयार नाहीत. त्यामुळे वेगवान गोलंदाजांनी तिथे फक्त फलंदाज म्हणून खेळायचं, असं पालकांनी आपसात ठरवलं आहे आणि ते सगळे पाळत नाहीत.

डावखुरा पाच महिन्यांनी पुन्हा चेंडू टाकू लागला, आधी छोट्या रनअपने, दोन-दोन षटकं. मधल्या काळात त्याने फलंदाजी केली आणि स्लिपमध्ये झेल घेतले. त्याची उंची अजून वाढतेय, म्हणून आठवड्याची मर्यादा आम्ही इतरांपेक्षा कमी ठेवली आहे. निवड चाचणीच्या आठवड्यात वडिलांनी मला फोन करून दोन षटकं जास्त मिळतील का विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी चाचणीला जाताना वही त्याच्या बॅगेत ठेवली. तिथे कोणी ती मागितली नाही. त्याची निवड झाली नाही. परतताना काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, पण पुढच्या सरावाला तो वेळेवर आला आणि वडील क्लिकर घेऊन खुर्चीवर होते.

बॅचमधल्या त्या मुलीला सरांनी नव्या चेंडूने बोलिंग दिली आहे. आता तिच्यावरही ओरडतात, असं तिने मला खुशीत सांगितलं.

शाळेच्या सरांशी बोलणी चालू आहेत. वहीवर सही करायला ते तयार झाले आहेत. त्यांची अट एवढीच की शील्डच्या सामन्याआधीच्या दोन दिवसांत अकादमीने त्या मुलांना नेटमध्ये बोलिंग द्यायची नाही. अकादमीच्या सरांना ते मान्य आहे, फक्त ते वेळापत्रक शाळेने महिनाभर आधी द्यावं, असं त्यांचं म्हणणं आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर दोघांची बैठक ठरली आहे, आणि पालकांतर्फे तिथे आई जाणार आहे, तो पहिला कागद मांडणारी.